भाकरीही हवी, बोलायची मुभाही

भांडवलशाही आणि साम्यवाद हे दोन शब्द आपल्या कानावर पडतात ते बहुतेक निवडणुकीच्या दिवसांत, नाहीतर मुलांच्या अभ्यासाच्या निमित्ताने. बी.ए.ला अर्थशास्त्र होतं तेव्हा या दोन्हींतला फरक मी वहीत दोन रकाने आखून पाठ केला होता. डावीकडे भांडवलशाही. जमीन, कारखाने, यंत्रं खासगी मालकीची, नफ्यासाठी माल बनवायचा आणि भाव बाजारात ठरायचा. उजवीकडे साम्यवाद. हे सगळं समाजाच्या मालकीचं, काय आणि किती बनवायचं ते योजनेनुसार ठरायचं आणि कुणी कुणाच्या श्रमावर श्रीमंत व्हायचं नाही. परीक्षेपुरतं ते पुरेसं होतं. पण या व्यवस्थांमध्ये माणसं जगतात कशी, त्यातही बायका जगतात कशा, हे त्या रकान्यांत कुठेच नव्हतं. ते मला पुढे कितीतरी वर्षांनी एका बाईच्या चरित्रात सापडलं. तिचं नाव रोझा लक्झेंबर्ग.

मैत्रिणींनो, हे नाव आपल्यातल्या बऱ्याच जणींना नवीन असेल. पण महिला दिन आपण सगळ्याच साजरा करतो. असा एक दिवस असावा अशी सूचना १९१० साली कोपनहेगनच्या परिषदेत ज्या क्लारा झेटकिनने मांडली, तिची ही जिवाभावाची मैत्रीण. रोझाने आयुष्यभर भांडवलशाहीशी झुंज घेतली. आणि साम्यवादी क्रांती झाली तेव्हा तिच्यातल्या चुकाही पहिल्यांदा दाखवणाऱ्यांत तीच होती. दोन्हीकडच्या सत्ताधाऱ्यांना ती नकोशी झाली, ती याचमुळे.

रोझाचा जन्म ५ मार्च १८७१ चा, पोलंडमधल्या झामोश्च या गावचा. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता. वडील लाकडाचे व्यापारी, घर ज्यू, पाच भावंडांत ही धाकटी. ती लहान असतानाच कुटुंब वॉर्साला राहायला गेलं. पाचव्या वर्षी तिला कमरेचं दुखणं झालं. डॉक्टरांचं निदान चुकलं, पोर वर्षभर अंथरुणाला खिळली आणि उठली ती एका पायाने अधू होऊनच. जन्मभर ती लंगडत चालली. पण त्या वर्षात अंथरुणात पडल्या पडल्या ती लिहाय-वाचायला शिकली.

वॉर्सातल्या मुलींच्या सरकारी शाळेत शिकवणं रशियन भाषेत. पोलिश मुलींना आपसांत पोलिश बोलायलाही बंदी! म्हणजे स्वतःच्या भाषेत बोलायचीही चोरी असते, हे रोझाला शाळकरी वयातच कळलं. १८८७ साली ती उत्तम गुणांनी पास झाली, पण सुवर्णपदक तिला दिलं गेलं नाही. कारण काय, तर सत्तेविषयी तिची वागणूक बंडखोर आहे. तोवर ती गुप्तपणे चालणाऱ्या समाजवादी गटात जाऊ लागली होती. अटकेची वेळ आली तेव्हा १८८९ मध्ये तिने देश सोडला. शेतकऱ्याच्या गाडीत गवताखाली लपून तिने सरहद्द ओलांडली, असं सांगतात. तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती.

ती पोहोचली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला. मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश देणारी विद्यापीठं तेव्हा युरोपात मोजकीच होती, त्यांतलं हे एक. आधी तिने निसर्गविज्ञान घेतलं, मग कायदा आणि अर्थशास्त्र. पोलंडमधल्या उद्योगधंद्यांची वाढ कशी झाली, यावर प्रबंध लिहून १८९७ मध्ये ती डॉक्टरेट झाली. त्या काळी बाईने डॉक्टरेट घेणं, तेही अर्थशास्त्रात, ही केवढी गोष्ट! झुरिकलाच तिला लिओ योगिखेस भेटला. दोघांचं जवळपास पंधरा वर्षांचं नातं होतं. तो अबोल, करड्या शिस्तीचा, कायम चळवळीत बुडालेला. रोझाने त्याला लिहिलेल्या पत्रांतून कळतं की, आपलं छोटंसं घर असावं, स्वतःचं सामान असावं, पुस्तकांचं कपाट असावं आणि एक मूल असावं असं तिला फार वाटे. पुस्तकं मिळाली. बाकीचं राहूनच गेलं.

१८९८ मध्ये ती बर्लिनला आली. जर्मनीत राहून राजकारण करायचं तर नागरिकत्व हवं, म्हणून तिने एका जर्मन तरुणाशी फक्त कागदोपत्री लग्न केलं. जर्मनीतला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष तेव्हा जगातला सर्वांत मोठा कामगार पक्ष होता. आणि त्या पक्षात नेमका तोच वाद रंगला होता जो आजही आपण ऐकतो. एडुआर्ड बर्नस्टाइन हे ज्येष्ठ नेते म्हणू लागले होते की, भांडवलशाही काही कोसळत नाहीये. कामगार संघटना, मतदान आणि नवे कायदे यांतून ती हळूहळू सुधारता येईल, क्रांतीची गरज नाही. रोझाने त्यावर पुस्तिका लिहून उत्तर दिलं. तिचं म्हणणं असं की, पगारवाढ हवीच, कामाचे तास कमी व्हायलाच हवेत, त्यासाठी भांडायलाच हवं. पण मालकी मूठभरांच्या हाती आहे तोवर आज मिळालेलं उद्या काढून घेतलं जाऊ शकतं. मंदी आली की पहिली कुऱ्हाड कामगारावरच पडते. विशी नुकतीच संपत आलेली, परक्या देशातून आलेली, लंगडत चालणारी ही मुलगी पक्षातल्या मोठमोठ्या पुरुषांशी वाद घालत होती. तिला नाकं मुरडणारे कमी नव्हते. आणि लक्षात घ्या, प्रशियात १९०८ पर्यंत बायकांना राजकीय पक्षाचं सभासद व्हायलाही कायद्याने मनाई होती. मतदानाचा हक्क तर दूरच!

१९०७ पासून महायुद्ध सुरू होईपर्यंत तिने बर्लिनमध्ये पक्षाच्या शाळेत अर्थशास्त्र शिकवलं. शिक्षकांत ती एकटीच बाई. समोर बसणारे विद्यार्थी म्हणजे कारखान्यांतले कामगार आणि संघटनेचे कार्यकर्ते. त्यांना शिकवताना जे प्रश्न पडले, त्यांतूनच १९१३ मध्ये तिचं मोठं पुस्तक झालं, ‘भांडवलाचा संचय’. पुस्तक अवघड आहे, पण त्यातला मूळ प्रश्न आपल्याला सहज कळेल असा आहे. कामगाराला मजुरी मिळते ती त्याने बनवलेल्या मालाच्या किमतीपेक्षा कमी. मग तो सगळा माल विकत घेणार कोण? रोझाचं उत्तर असं की, भांडवलशाही स्वतःच्या अंगणात भागवू शकत नाही. तिला सतत बाहेरची माणसं, बाहेरची जमीन, बाहेरचे बाजार लागतात. जिथे लोक आपलं आपण पिकवून खातात, तिथे शिरून ती ती घडी मोडते.

याचं उदाहरण म्हणून तिने दिलेल्या देशांत आपला हिंदुस्थानही आहे. इंग्रजांनी गावाच्या सामाईक जमिनीची पद्धत कशी मोडली, शेतसारा कसा लादला, त्यापायी शेतकरी कर्जात बुडून जमिनी कशा हातच्या गेल्या आणि जुने पाटबंधारे कसे ओस पडले, हे तिने त्यात लिहिलंय. ती कधी भारतात आली नाही. पण पैशाच्या हिशेबात आपल्या खेड्यांचं काय झालं, हे बर्लिनमध्ये बसून तिला दिसत होतं. तिच्या या सिद्धांतात चुका आहेत असं तेव्हाच्या अनेक मार्क्सवादी मंडळींनीही दाखवून दिलं, लेनिननेही. तरी बाजार कुणाच्या जिवावर वाढतो, हा तिचा प्रश्न काही जुना झाला नाही.

मला मात्र सगळ्यांत जवळचं वाटतं ते तिचं १९१२ चं भाषण. स्टुटगार्टला बायकांच्या मतदान हक्कासाठी सभा होती. तिथे रोझाने घरकामाविषयी एक मुद्दा मांडला. कामगाराची बायको घरात राबते, स्वयंपाक करते, मुलं वाढवते, तुटपुंज्या पैशांत संसार ओढते. पण भांडवलशाहीच्या हिशेबात हे कामच धरलं जात नाही, कारण त्यातून कुणा मालकाला नफा होत नाही. उलट, नाचगाण्याच्या थिएटरात नाचून मालकाचा गल्ला भरणारी बाई या हिशेबात उत्पादक ठरते! घरकाम हलकं आहे असं तिला मुळीच म्हणायचं नव्हतं. हिशेबच कसा वेडावाकडा आहे, हे तिला दाखवायचं होतं.

बचत गटाच्या कामात कर्जाचा फॉर्म भरताना व्यवसायाचा रकाना आला की आमच्या बायका काय सांगतात, ते तुम्हालाही माहीत आहे. काही करत नाही, घरीच असते! पहाटे पाचला उठून पाणी भरणारी, शेण काढणारी, सासऱ्यांचं पथ्य सांभाळणारी बाई काही करत नाही. आपल्या जनगणनेतही फक्त घरकाम करणारी बाई काम न करणाऱ्यांतच मोजली जाते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं की, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. रोझाच्या भाषणानंतर शंभर वर्षं उलटून गेल्यावरचे हे आकडे!

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मनीतल्या कामगाराने फ्रान्समधल्या कामगारावर गोळी झाडू नये, असं रोझा आधीपासून जाहीर सांगत होती. त्यासाठी तिला एक वर्षाची शिक्षाही झाली होती. पण ४ ऑगस्ट १९१४ ला तिच्याच पक्षाच्या खासदारांनी युद्धाच्या कर्जाला पाठिंबा दिला. हा घाव तिच्या जिव्हारी लागला. पुढच्या चार वर्षांतली तीन वर्षांहून अधिक तिने तुरुंगात काढली. आधी बर्लिनचा बायकांचा तुरुंग, मग व्रोंके, मग ब्रेस्लाउ.

तुरुंगातली तिची पत्रं वाचली की ही कठोर राजकारणी बाई आतून किती हळवी होती ते कळतं. पक्षी तिला आवाजावरून ओळखता येत. पानं-फुलं वाळवून वह्यांत चिकटवायची, खाली नावं लिहायची, हा तिचा जुना छंद, तो तिने कोठडीतही सोडला नाही. अशा अठरा वह्या तिने भरल्या. १९१७ च्या डिसेंबरात ब्रेस्लाउच्या तुरुंगाच्या आवारात लष्कराचे फाटके, रक्ताचे डाग पडलेले कपडे शिवायला आले. गाडीला रुमानियातून पकडून आणलेल्या म्हशी जुंपलेल्या. ओझं अवजड, म्हशींना ते ओढवेना, तर शिपायाने त्यांना चाबकाच्या दांड्याने कातडी फाटेपर्यंत मारलं. एक म्हैस रक्ताळलेली तशीच उभी राहिली, रडून थकलेल्या लेकरासारखी. रोझा समोर उभी राहून रडली आणि हे सगळं तिने मैत्रिणीला पत्रात कळवलं. ज्यांना गुरांची सवय आहे त्या आपल्या बायकांना हे पत्र जास्त समजेल.

याच तुरुंगात असताना रशियात क्रांती झाली. १९१७ मध्ये झार गेला आणि नोव्हेंबरात लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने सत्ता घेतली. जन्मभर जे स्वप्न पाहिलं ते खरं झालं म्हणून रोझाला आनंदच झाला. त्यांच्या धाडसाचं तिने मनापासून कौतुक केलं. पण जानेवारी १९१८ मध्ये निवडून आलेली घटना समिती एका बैठकीतच मोडली गेली. विरोधी वर्तमानपत्रं बंद झाली, विरोधकांची धरपकड सुरू झाली. तेव्हा ब्रेस्लाउच्या कोठडीत बसून रोझाने एक टिपण लिहायला घेतलं.

तिचा मुद्दा सरळ होता. सरकारच्या बाजूने बोलणाऱ्यालाच जिथे मोकळीक आहे, तिथे स्वातंत्र्य नाहीच. स्वातंत्र्याची खरी परीक्षा होते ती वेगळं मत असणाऱ्याच्या बाबतीत. निवडणुका, सभा, वर्तमानपत्रं बंद केली की लोकांचं राज्य म्हणता म्हणता मूठभर पुढाऱ्यांचं आणि साहेबलोकांचं राज्य होतं. चुका दाखवणारं कुणी उरत नाही, म्हणून चुका सुधारतही नाहीत. रशियाची कोंडी झाली होती, युद्ध होतं, बाहेरून मदत नव्हती, हे ती मान्य करते. पण अडचणीत केलेली गोष्ट नियम म्हणून मिरवू नका, असं बजावते. भांडवलशाही देशातली लोकशाही गरिबाला अपुरी पडते, हे तिचं मत कायम होतं. मात्र अपुरी पडते म्हणून ती फेकून न देता, खऱ्या अर्थाने पुरी करायची, असं तिचं म्हणणं. शत्रूच्या हाती कोलीत मिळेल म्हणून मित्रांनी हे लिखाण छापू दिलं नाही. ते बाहेर आलं १९२२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर.

नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीत कैसर गेला आणि रोझा सुटली. केस पांढरे झालेले, तब्येत ढासळलेली. वर्षअखेरीस तिने आणि कार्ल लिब्कनेख्त या सहकाऱ्याने इतरांबरोबर जर्मन कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. येत्या निवडणुकीत आपण भाग घ्यावा, असं रोझाने पक्षाला परोपरीने सांगितलं. तरुण कार्यकर्त्यांनी तिचं ऐकलं नाही. जानेवारीत बर्लिनमध्ये उठाव पेटला, तेव्हा मात्र तिने आपल्या वर्तमानपत्रातून त्यालाच साथ दिली. उठाव चिरडला गेला. सरकार होतं तिच्याच जुन्या पक्षाचं.

१५ जानेवारी १९१९ च्या रात्री सैनिकांनी तिला पकडून एका हॉटेलात नेलं. बाहेर काढताना डोक्यात बंदुकीच्या दस्त्याचे घाव घातले, मोटारीत गोळी झाडली आणि देह कालव्यात फेकून दिला. तो सापडला मे महिन्याच्या शेवटी. लिब्कनेख्तचाही त्याच रात्री खून झाला. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यावर कधीच खटला चालला नाही, तो १९७० पर्यंत जगला. रोझा सत्तेचाळीस वर्षांची होती. तिच्यानंतर चारच दिवसांनी, १९ जानेवारीला जर्मनीतल्या बायकांनी पहिल्यांदा राष्ट्रीय निवडणुकीत मतदान केलं आणि ३७ बायका निवडून आल्या. ज्या हक्कासाठी ती भांडली तो दिवस पाहायला ती नव्हती.

तिची गोष्ट मात्र इथे संपत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये जर्मनीचे दोन देश झाले. पश्चिमेत भांडवलशाही आणि निवडणुका, पूर्वेत कम्युनिस्ट पक्षाची सत्ता. लोक एकच, भाषा एकच, पण व्यवस्था दोन. तुलना करायची तर याहून चांगलं उदाहरण कुठलं? पूर्वेत बहुतेक बायका नोकरी करत, पाळणाघरं सरकारी, घरभाडं अगदी कमी. घरकामासाठी महिन्यातून एक भरपगारी सुट्टीही मिळे. म्हणजे घरकाम बाईचंच, हे तिथेही ठरलेलं! दुकानांत वस्तूंचा तुटवडा, मोटारीसाठी दहा-दहा वर्षं थांबायचं, शेजारी हेर असेल याची भीती आणि १९६१ पासून तर देशाबाहेर जाऊ नये म्हणून भिंत. पश्चिमेत दुकानं भरलेली, बोलायला मोकळीक. पण १९७७ पर्यंत कायदाच असा होता की, घरची कर्तव्यं सांभाळून जमेल तेवढीच नोकरी बायकोने करायची.

पूर्वेकडच्या सरकारने रोझाला थोर ठरवलं. रस्त्यांना, चौकांना तिचं नाव दिलं. दर जानेवारीत पुढारी तिच्या समाधीवर फुलं वाहायला जात. १९८८ च्या मिरवणुकीत काही जण रोझाचंच स्वातंत्र्याबद्दलचं वाक्य फलकावर लिहून आले. शंभराहून जास्त लोकांना अटक झाली! रोझाचा पुतळा चालत होता, तिचं म्हणणं चालत नव्हतं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघही विसर्जित झाला. पण दोन जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडचे कितीतरी कारखाने बंद पडले आणि तिथल्या हजारो बायकांची नोकरी गेली. बोलायला मिळालं, पण हातचं काम गेलं.

रोझाचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही. भांडवलशाही संपेल हे तिचं भाकीत खरं झालं नाही. कायदे आणि संघटना यांनी कामगाराचं जगणं किती बदलू शकतं, हे बर्नस्टाइनने तिच्यापेक्षा नीट ओळखलं होतं, असं मला वाटतं. पण व्यवस्था कुठलीही असो, तिला विचारायचे दोन प्रश्न तिने दिले. इथे कुणाचे श्रम हिशेबात धरलेले नाहीत? आणि हे चुकतंय असं म्हणणाऱ्याचं इथे काय होतं? मोठ्या देशांपासून आपल्या ग्रामसभेपर्यंत, नव्या कंपनीपासून घरातल्या चार भिंतींपर्यंत हे प्रश्न लागू पडतात. पुढच्या ग्रामसभेत किंवा गटाच्या बैठकीत निदान एक तरी विचारून बघा. पहिल्यांदा आवाज थोडा कापेल, पण तरी विचारा.